काजूच्या घरात काजूची ॲलर्जी : लेकराला कसं सांभाळता?

रातांबा | १४ मार्च, रात्री १०.४०

आजवर इथे नुसती वाचत आले. आज लिहितेय, कारण परसात काजू पडायला लागलाय आणि माझी झोप उडाली आहे.

आम्ही वेंगुर्ले तालुक्यातले. घरची दोनेकशे कलमं आहेत, बरीचशी वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७. मार्च ते मे सगळं घर काजूच्या मागे असतं. पहाटे बिया वेचायच्या, बोंडू पिरगळून बी सोडवायची, खळ्यात वाळत घालायची, पोती भरायची. थोडी बी घरीच भाजून सोलतो, कारण सोललेल्या गराला चार पैसे जास्त सुटतात.

आणि आमच्या साडेपाच वर्षांच्या धाकट्याला काजूची ॲलर्जी आहे.

दीड वर्षाचा असताना ओल्या काजूगरांच्या उसळीतला एक गर त्याने चोखला होता. ओठांभोवती लाल गांधी उठल्या. सासूबाई म्हणाल्या पित्त उठलं, उष्ण पडलं. आमसुलाचं पाणी लावलं, तासाभरात गांधी उतरल्या. मीही विसरून गेले. त्या 'पित्त' शब्दाने आमची अडीच वर्षं खाल्ली, असं आता वाटतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं असतं तर पुढचं टळलं असतं.

दीड वर्षापूर्वी चवथीला शेजारच्या घरी आरती झाली आणि काकींनी त्याच्या हातावर मोदक ठेवला. सारणात काजूचे तुकडे होते. घरी येईपर्यंत तो खोकायला लागला होता. आधी वाटलं ठसका लागला. मग "आई, गळ्यात कायतरी आसा" म्हणाला, आवाज घोगरा झाला होता. लगेच उलटी. शर्ट वर केला तर पोट-पाठ लालभडक. आणि मग तो एकदम गप्प झाला, मान माझ्या खांद्यावर टाकली. रडत होता तोवर मला धीर होता. गप्प झाला तशी मी घाबरले.

दवाखाना चाळीस मिनिटांवर. गाडीत त्याचे ओठ निळसर दिसत होते. पोचल्या पोचल्या तिथल्या डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं. पाच-सात मिनिटांत त्याने डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

नंतर गोव्यात तपासणी केली. काजू आणि पिस्ता, दोन्ही आले. दोन्ही कायमचे बंद.

आता जूनमध्ये तो पहिलीत जाईल. घरात काजूची पोती, सणवार तर येतच राहणार, आणि भेटेल तो म्हणतो "एवढ्याशाने काय होतंय". तुमच्यापैकी कुणी असं मूल सांभाळत असाल तर सांगा. घरात काजू ठेवावा की नाही इथपासून मला सगळंच विचारायचं आहे.

समुद्रकाठ | १४ मार्च, रात्री ११.२५

ताई, तुझं वाचता वाचता हात थरथरले गो. तुझ्या घरात काजू, तर माझ्या घरात कोळंबी. आम्ही मालवणचे, घरची होडी आहे. लेक नऊ वर्षांची. कोळंबी, कुर्ल्या, शेवंड, जवळा, काही म्हणजे काही चालत नाही.

सुरुवातीला मला कळतच नव्हतं की हे खाणं कुठे कुठे दडलेलं असतं. ताटातली कोळंबी काढून टाकणं सोपं आहे. पण वांग्याच्या भाजीत घातलेले चार सोडे विरघळून जातात, सुकटीच्या चटणीचा चमचा तसाच लोणच्याच्या बरणीत जातो, हॉटेलात ज्या तेलात कोळंबी तळली त्यातच सुरमई तळतात. एकदा तर तिने काहीच खाल्लं नव्हतं. चुलीवर जवळा परतत होते, ती शेजारी बसून अभ्यास करत होती, आणि डोळे चोळायला लागली, मग शिंका, मग छातीत घरघर. शिजताना निघणाऱ्या वाफेतूनही त्रास होतो हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी अर्धा तास तिथेच बसून राहिले. माझं सगळं आयुष्य त्या वासात गेलंय.

आता कोळंबी घरात शिजत नाही. नवरा आणतो ती बंदरावरच विकून येतो. आडाळो, म्हणजे विळी, वेगळा, तवा वेगळा. मासे मात्र ती खाते, तपासून घेतलंय. पापलेट, सुरमई, बांगडा, सगळं. माशाची ॲलर्जी वेगळी आणि कोळंबीची वेगळी, हे कळलं तेव्हा घरात सण झाल्यासारखं वाटलं होतं.

घरात काजू ठेवायचा का, ह्यावर माझं मत सांगते. सोलणं बंद कर. भाजणं-सोलणं सुरू असलं की भुगा हाताला, पदराला, पाटाला लागतो. बी सालीसकट असेपर्यंत निदान आवरता येते.

कळशी | १५ मार्च, सकाळी ७.१०

मी बालरोगतज्ज्ञ आहे, जिल्ह्यातच असते. इथे लिहिलेलं वाचून कुणाची तपासणी होत नाही, तेव्हा जे लिहिते ते आपापल्या डॉक्टरांना दाखवून पक्कं करा. पण काही गोष्टी इतक्या महत्त्वाच्या आहेत की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

रातांबाताई, तुमच्या मुलाला जे झालं त्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. त्यावर औषध एकच, ॲड्रेनॅलिन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत द्यायचं. कपड्यावरून दिलं तरी चालतं. ॲलर्जीची गोळी किंवा सिरप खाज कमी करतं, गांधी बसवतं, पण बंद होत चाललेला श्वास उघडत नाही आणि उतरलेलं ब्लडप्रेशर वर आणत नाही. सिरप पाजून "बघू उतरतंय का" म्हणत घरी बसून राहण्यात जीव जातो.

परदेशात ह्याचं तयार पेन मिळतं. आपल्या गावच्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही. म्हणून मी पालकांना १ मिलीची ॲम्प्युल, म्हणजे औषधाची काचेची बंद कुपी, आणि १ मिलीची सिरिंज घरी ठेवायला लावते आणि भरायला शिकवते. मात्रा वजनावर असते, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. १ मिलीत १ मिलिग्रॅम असलेल्या ॲम्प्युलमधून १५ किलोच्या मुलाला ०.१५ मिली होते. तुमच्या मुलाचं माप तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. वजन वाढेल तसं बदलून घ्या. सिरिंजवर त्या रेघेला चिकटपट्टीची खूण करून ठेवा, घाईत आकडे दिसत नाहीत.

इंजेक्शन दिल्यावर मुलाला आडवं ठेवा, पाय थोडे वर. उलटी होत असेल तर कुशीवर. श्वासाला फारच त्रास होत असेल तर मांडीवर टेकून बसू द्या, पण उभं करू नका, चालवू नका, "जरा वाऱ्यावर फिरवून आणतो" अजिबात नको. १०८ ला फोन करा किंवा गाडी काढा. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरी मात्रा, म्हणून ॲम्प्युल नेहमी दोन ठेवायच्या. आणि मूल हसायला लागलं म्हणून अर्ध्या वाटेवरून परत फिरू नका. काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो, दवाखान्यात देखरेखीखाली राहायलाच हवं.

ज्या मुलाला दमाही आहे त्याच्या बाबतीत तर एक मिनिटही थांबायचं नाही.

रातांबा | १५ मार्च, दुपारी २.०५

डॉक्टर, तुमचं लिहिणं वहीत उतरवून घेतलं. आमच्याकडे ॲम्प्युल आहे, पण ती फ्रिजच्या दारात ठेवली होती आणि सिरिंज कपाटात. दोन्ही एकत्र हवं हे कधी सुचलंच नाही.

एक विचारू? काजू भाजताना धूर होतो, सालीचं तेल उडतं. परवा माझ्या हातावर उतलं, कातडी सोलली. ह्या धुराने त्याला काही होईल का? आणि तो हापूस खातो, आंबा आणि काजू एकाच कुळातले म्हणतात.

कळशी | १५ मार्च, रात्री ९.३०

ॲम्प्युल फ्रिजमध्ये नको, घरात जिथे ऊन आणि चुलीची धग नाही अशा जागी ठेवा. उजेडाने खराब होते, म्हणून खोक्यातून काढू नका. आतलं पाणी गुलाबी किंवा तपकिरी दिसलं तर टाकून द्या. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या कप्प्यात तर मुळीच ठेवू नका.

तुमच्या हाताला झालं ते वेगळं. काजूच्या टरफलातलं तेल, आंब्याचा चीक, बिब्बा, ही एकाच कुळातली मंडळी आणि तिघंही उततात. ती कातडी भाजल्यासारखी होणं, ते कुणालाही होऊ शकतं. तुमच्या मुलाची ॲलर्जी गरातल्या प्रथिनाची आहे, आणि ते पोटात जायला लागतं. आंब्याचा गर तो आजवर निर्धास्त खातोय तर खाऊ द्या. पिस्त्यातलं प्रथिन मात्र काजूच्या फारच जवळचं, म्हणून दोन्ही एकत्र येतात. नारळ ह्या सगळ्यात नाही. कुणी "नट आहे" म्हणून त्याचं खोबरं तोडू नका, कोकणातल्या पोराचं खोबरं तोडलं तर राहिलं काय?

नुसत्या वासाने काजूचा जीवघेणा त्रास होणं फार दुर्मीळ. कोळंबी शिजताना वाफेबरोबर प्रथिन उडतं, तसं काजूच्या पोत्यातून उडत नाही. पण टरफलाचा धूर कुणाच्याही छातीला वाईट, लेकराला लांबच ठेवा. खरा धोका हातातून तोंडात जाण्याचा. म्हणून सोलून उठल्यावर साबणाने हात धुणं हवं. नुसतं पाणी किंवा सॅनिटायझर पुरत नाही.

चाकरमानी_दादर | १६ मार्च, सकाळी ११.१५

रागावू नका, पण मनातलं लिहितो. मी कणकवलीकडचा, चाळीस वर्षं मुंबईत. आमच्या लहानपणी काजू खाऊन कुणाला काही झाल्याचं आठवत नाही. मुलं मातीत खेळायची, मिळेल ते खायची. आता जपून जपून वाढवतो म्हणून असं होतं का? माझ्या एका नातेवाइकांनी पोराला शेंगदाणा नखाएवढा, मग तांदळाएवढा देत देत सवय लावली आणि आता तो चिक्की खातो. ताईंनीही तसं करून पाहायला काय हरकत आहे?

रातांबा | १६ मार्च, दुपारी १२.५०

दादा, तुम्ही काळजीनेच लिहिलंत, म्हणून रागावत नाही. पण माझ्या मुलाला जे झालं ते एका मोदकातल्या चार तुकड्यांनी झालं. तांदळाएवढा द्यायला माझा हात पुढे होणार नाही. आणि आमच्या वाडीत जुन्या काळी पोरं गेली नाहीत असं कुठे आहे? सासूबाईंचा एक दीर लहानपणी "काहीतरी चावलं" म्हणून तासाभरात गेला. काय झालं होतं ते कुणाला ठाऊक नाही.

कळशी | १६ मार्च, रात्री १०.००

ह्यात दोन गोष्टींची गल्लत होतेय, ती सोडवते.

ज्या बाळाला अजून ॲलर्जी झालेली नाही त्याला लवकर चव देणं, हे खरंच उपयोगी आहे. २०१५ साली लंडनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. एक्झिमा (कातडी कोरडी पडून खाजणारा आजार) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या, म्हणजे धोका जास्त असलेल्या ६४० तान्ह्या बाळांपैकी अर्ध्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ सुरू केले, अर्ध्यांना पाच वर्षांपर्यंत दिले नाहीत. ज्यांना दिले त्यांच्यात पाचव्या वर्षी ॲलर्जी कितीतरी कमी आढळली. म्हणून आता आम्ही वरचं खाणं सुरू करताना अंडं, शेंगदाण्याची पेज लांबवायला सांगत नाही. अख्खा दाणा नाही हं, तो घशात अडकतो.

पण ज्या मुलाला एकदा श्वास अडेपर्यंत त्रास झालाय त्याला घरी थोडं थोडं देणं म्हणजे जिवाशी खेळ. सवय लावण्याचे उपचार असतात, ते देखरेखीखाली, इंजेक्शन हाताशी ठेवून करतात आणि तिथेही त्रास होतो. दादा, तुमच्या नातेवाइकांच्या मुलाचं नशीब चांगलं.

आजी_आचऱ्याची | १७ मार्च, दुपारी ४.२०

गो बाय, माका शुद्ध लिवूक जमणा नाय, नात लिवन देता. 'एवढ्याशान काय जाता' असा म्हणणारी मीच. माझ्या नातवाक अंड्याची ॲलर्जी. सून सांगी, मी आयकय नाय. माका वाटला डॉक्टरांचा खूळ. एक दिवस सून बाजारात गेली आणि मी तेका केकाचो तुकडो दिलंय. पोर माझ्याच मांडयेर होता. डोळे सुजान बंद झाले, छातीत शीळ वाजाक लागली. तो आवाज अजून माझ्या कानात आसा.

पोर वाचला. सुनेन माका एक शब्द बोल्ल्यान नाय, ता माका जास्त लागला. आता पावणो इलो की पयला मी सांगतंय, पोराक इचारल्याशिवाय कायएक देव नको. तुझ्या सासूक ह्या वाचून दाखव.

रातांबा | १७ मार्च, रात्री ८.४५

आजी, दाखवलं वाचून. त्या ऐकत होत्या, मग उठून गेल्या. थोड्या वेळाने आल्या आणि विचारलं, "ता इंजेक्शन खय ठेवतंस? माका दाखव."

वहाळ | १८ मार्च, सकाळी ९.५५

आमची वेगळीच कथा. मुलाला खाज सुटायची म्हणून एका लॅबकडून रक्ताचा पॅनेल केला. नव्वद पदार्थांची यादी आली, त्यात तांदूळ, नारळ, हळद, तूरडाळ सगळ्यापुढे लाल खूण. चार महिने सगळं बंद केलं. पोरगा वाळून काटकी झाला, खाज तशीच. ह्या यादीवर किती विश्वास ठेवायचा?

कळशी | १८ मार्च, दुपारी ३.३०

आधी रिपोर्टवर बघा, 'आयजीजी' लिहिलंय का. तसं असेल तर ती यादी बाजूला ठेवा. आयजीजी म्हणजे शरीराने तो पदार्थ पाहिला आहे एवढंच, रोज भात खाणाऱ्याच्या रक्तात ते दिसणारच. ॲलर्जीची तपासणी 'आयजीई'ची, नाहीतर त्वचेवर टोचून करतात. तीसुद्धा खाण्याशी जुळली तरच उपयोगाची. रक्तात आयजीई आहे आणि मूल तो पदार्थ मजेत खातंय, असं पुष्कळदा दिसतं. काय खाल्लं, किती वेळाने काय झालं, ही आईने सांगितलेली हकिगत कुठल्याही यादीपेक्षा मोठी. मुलाला भात-आमटी आजच सुरू करा आणि खाजेसाठी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

कातळ | २० मार्च, रात्री ९.१५

मी रत्नागिरीजवळचा. गेल्या महिन्यात बांगडे खाल्ल्यावर लेकीचं तोंड लाल झालं, डोकं ठणकायला लागलं, अंगावर पित्त. माझ्या भावालाही तसंच, आणि तो तर आयुष्यभर बांगडा खातोय. तेव्हापासून घरात मासा आणलेला नाही. लेक रोज विचारते. ही ॲलर्जी म्हणायची का?

रापण | २० मार्च, रात्री १०.५०

कातळदादा, दोघांना एकदम झालं म्हणताय तिथेच मला शंका आली. मी मासळीच्या धंद्यात आहे. बांगडा, गेदर, कुप्पा ही मासळी बर्फाशिवाय राहिली की तिच्यात विष तयार होतं. जुनी माणसं म्हणायची "बांगडो लागलो", ते हेच. पकडल्यापासून बर्फात गेला पाहिजे. उन्हात टोपलीत दोन-तीन तास राहिला की वरून ताजा दिसतो, आत बिघडलेला असतो. असा बांगडा जिभेला किंचित चुरचुरतो, तिखट नसतानाही तिखट लागतो. कल्ला लालभडक आहे की नाही आणि बोटाने दाबलेलं मांस परत वर येतं की नाही ते बघा, आणि बर्फ दिसला नाही तर घेऊ नका.

कळशी | २१ मार्च, सकाळी ६.४५

रापण यांचं अगदी बरोबर. मासळी तापली की जिवाणू तिच्यातल्या हिस्टिडिन नावाच्या घटकाचं हिस्टामिन करतात, आणि ॲलर्जीत शरीर स्वतः जे सोडतं तेही हिस्टामिनच. म्हणून दिसायला सारखं. शिजवल्याने, तळल्याने ते जात नाही. तरी कातळदादा, लेकीला एकदा दाखवून घ्या आणि मग ताजा मासा सुरू करा. श्वासाला त्रास झाला असता तर मी असं म्हटलं नसतं.

निवृत्त_गुरुजी | २३ मार्च, संध्याकाळी ६.३०

शाळेबद्दल लिहितो, तीस वर्षं प्राथमिकला होतो. माझ्या वर्गात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलगी होती. पहिल्या दिवशी तिचे वडील एक कागद घेऊन आले. त्यावर तिचा फोटो, काय चालत नाही, त्रास सुरू झाला तर काय दिसतं, इंजेक्शन कुठे आणि किती, फोन नंबर. आम्ही तो वर्गात आणि पोषण आहाराच्या खोलीत, दोन्हीकडे लावला. आहार शिजवणाऱ्या ताईंना वेगळं बसवून सांगितलं, कारण भाजीत कूट घालायचा हात त्यांचा. चिक्की वाटण्याच्या दिवशी तिच्यासाठी घरून राजगिऱ्याचा लाडू यायचा.

इंजेक्शन द्यायची भीती आम्हा शिक्षकांना होती. तिच्या वडिलांनी मोसंबी आणली, सिरिंजमध्ये पाणी भरलं आणि आम्हा चौघांकडून मोसंब्यात टोचून घेतलं. पहिल्यांदा माझा हात कापला. तिसऱ्या मोसंब्याला कापला नाही.

वाढदिवसाच्या चॉकलेटांचं लक्षात ठेवा. पोषण आहार आपल्या नजरेसमोर असतो, चॉकलेट मधल्या सुट्टीत पोरं आपसात वाटतात.

समुद्रकाठ | २३ मार्च, रात्री ९.००

गुरुजी म्हणतात ते खरं. माझी लेक आता स्वतः विचारते. जत्रेत खाजं घेतानाही दुकानदाराला "ह्या हातान दुसरा काय धरलास?" म्हणते. लोक कौतुकाने हसतात, पण उत्तर देतात. ताई, तुझ्या लेकाला आतापासून शिकव. खाजं बेसन-गुळाचं, त्यात काजू नसतो, पण शेजारी काजूचे, शेंगदाण्याचे लाडू रचलेले असतात आणि पुडीत भरणारा हात एकच.

परसबाग | २५ मार्च, दुपारी १.४०

मी बचत गटात आहे. आम्ही लाडू, करंज्या, मोदक करतो. हा धागा गटात वाचून दाखवला. पाकिटावर आम्ही फक्त वजन आणि तारीख लिहीत होतो. २०२०च्या लेबलच्या नियमांत गहू, कोळंबीसारखे कवचवाले जीव, अंडं, मासे, शेंगदाणे आणि काजू-बदाम, दूध, सोयाबीन असलं तर तसं वेगळं लिहायचं आहे. आता 'काजू आहे' असं ठळक छापून घेतलं. काजूचे पदार्थ आठवड्यातून एकाच दिवशी, शेवटी करतो, आणि मग परात-खलबत्ता उकळत्या पाण्याने आणि साबणाने धुतो.

मिठाईच्या दुकानातलं मात्र सांभाळा. काजूकतली आणि बर्फी एकाच सुरीने कापतात. हॉटेलात पांढऱ्या रश्श्याच्या भाजीत काजूची पेस्ट असतेच, ती दिसत नाही.

रातांबा | १८ एप्रिल, रात्री १०.१०

घरात भाजणं-सोलणं थांबवलं. ह्यांना आधी जड गेलं. ह्या वर्षी सगळी बी सालीसकट विकली, पैसे कमी आले. पोती घराच्या माडीवरून काढून बागेतल्या खोपीत नेली. कामावरून आले की न्हाणीघरात हातपाय साबणाने, कपडे बदलून मगच आत. मोठ्या मुलीला काजू आवडतो, ती खोपीतच खाते, चूळ भरते, मग येते. तिला कधीकधी वाईट वाटतं, तेही मला दिसतं. तिच्यासाठी वेगळा वेळ काढायचा ठरवलंय.

एका कापडी पिशवीत दोन ॲम्प्युल, तीन सिरिंज, कागद. ती पिशवी तो जाईल तिथे जाते. खुंटी ठरलेली आहे, सासूबाई दिवसातून दोनदा बघतात. मोसंबी आणून वाडीतल्या सहा जणांना शिकवलं.

प्रसादाचं कोडं होतं. हात पुढे केलेला प्रसाद नाकारला की माणसं दुखावतात. आता तो घेतो, कपाळाला लावतो आणि माझ्या हातात देतो.

आजी_आचऱ्याची | १९ एप्रिल, सकाळी ८.००

शाणो माझो बाबू. नातवाक आता डॉक्टरांच्या समोर केक दिल्यानी, कायएक झाला नाय. अंडा सुटला तेचा. देवाक नारळ दिलंय.

कळशी | १९ एप्रिल, दुपारी २.२०

आजी, फार बरं वाटलं. अंडं आणि दूध पुष्कळ मुलांचं वाढत्या वयात सुटतं. काजू, शेंगदाणा, कोळंबी सहसा राहतात. म्हणून रातांबाताईंची पिशवी त्याच्याबरोबर कॉलेजातही जाईल असं धरून चाला.

रातांबा | चवथीनंतर, रात्री ११.३०

शाळा सुरू होऊन तीन महिने झाले. कागद दोन्हीकडे लावलाय. बाई चांगल्या आहेत.

आज लिहायचं कारण वेगळं. ज्या काकींच्या घरी तो मोदक खाल्ला होता त्या तेव्हापासून आमच्या उंबऱ्याशी आल्या नव्हत्या. मी बोलावलं तरी "येतंय गो" म्हणायच्या आणि यायच्या नाहीत. त्यांचा काही दोष नव्हता हे मी सांगून थकले.

आज भजनाला माणसं जमली होती, उसळ वाढायची गडबड सुरू होती. मागच्या दाराने काकी आल्या. हातात केळीच्या पानात बांधलेले पाच मोदक, वर तुळशीचं पान. म्हणाल्या, सकाळी आंघोळ करून आधी हे केले, नवीन पातेल्यात, नारळ आणि गूळ एवढंच. बाकीच्यांचे नंतर.

तो मध्येच आला. त्यांच्याकडे बघून विचारलं, "काकी, ह्यात काजू आसा?"

"नाय रे बाबा. काजूचो डबोच उघडूक नाय तवसर."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पिशवी खुंटीवर होती, सासूबाई तिच्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. त्याने मोदकाचं नाक मोडून तोंडात घातलं. काकींचा हात माझ्या हातात होता, तो गार पडला होता. भिंतीवरचं घड्याळ आम्ही तिघी बघत होतो, बाहेर भजन रंगलं होतं.

बारावं मिनिट झालं तेव्हा तो दुसरा मोदक मागत होता.